बिनगुळाचा खरवस

कानमायने आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही, आणि मला तिची हीच गोष्ट सगळ्यांत जास्त आवडायची. गेलेल्या माणसाबद्दल लोक म्हणतात, ‘मनात काही ठेवलं नाही हो तिने.’ कानमायने सगळं ठेवलं. लग्नातली मानाची साडी देताना कुणी तोंड वाकडं केलं, बाळंतपणात कोण भेटायला आलं नाही, तिच्या दारावरून म्हैस हाकताना कोण काय पुटपुटलं, सगळं तिच्याजवळ जागच्या जागी होतं. पण हे चिल्लर राग झाले. तिचा खरा राग एकच, माझ्या सासऱ्यांवरचा, आणि त्या रागाच्या मुळाशी एक वासरू होतं.

ती माझी चुलतसासू, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठी आमचं गाव. दोन भावांची दोन घरं, मधे छातीएवढी भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना गोठे. कुठल्याही गोठ्यात शिरली की ती आधी वासराचे कान धरायची, म्हणून गल्लीने तिचं नाव कानमाय ठेवलं होतं. ही सवय ढोरांपुरती नव्हती. लग्न होऊन मी म्हसावदहून आले, त्या दिवशी तिच्या पाया पडायला वाकले, तर आशीर्वाद देण्याऐवजी तिने माझा कान चिमटीत धरला. म्हणाली, “पोरी, तुले ताप शे. कोनी दखं नही?” मला दोन दिवसांपासून ताप होता. घरभर पाहुणे होते आणि त्यांतल्या एकालाही ते कळलं नव्हतं. सासरी माझा पहिला जीव जडला तो तिच्यावर.

तिची वासरू बघायची एक रीत होती आणि त्या रीतीत ती कधी घाई करायची नाही. आधी कान. बोटांना कान गार लागले आणि खाली पडलेले असले की तिच्या कपाळाला आठी पडायची. मग शेपटीच्या मुळाशी बघायचं, शेण कुठं आणि कसलं चिकटलंय. मग मानेची कातडी चिमटीत ओढून सोडायची. कातडी लगेच जागेवर गेली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी आटलंय. मग खालचा ओठ मुडपून हिरड्या बघायच्या. शेवटी तोंडात बोट घालायचं. वासराने बोट चोखलं की ती हसायची. नाही चोखलं की लुगड्याचा पदर खोचून कामाला लागायची. “वासरू बोलत नही, पन काही दपाडत बी नही,” असं ती म्हणायची, आणि दपाडणाऱ्या, म्हणजे लपवणाऱ्या माणसांकडे म्हणजेच भिंतीपलीकडे एकदा बघून घ्यायची.

भिंतीपलीकडे जिभाऊ असत. जिभाऊ म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे मान देऊन वडीलधाऱ्या माणसाला जिभाऊ म्हणतात, आणि यांना तर सगळं गावच म्हणायचं. घोड्याचा ओठ वर करून दात बघायचे आणि वय सांगायचे, ते सहसा चुकत नसत. सारंगखेड्याच्या यात्रेत लांबलांबचे लोक त्यांना हाताला धरून घोडी दाखवायला नेत. त्यामुळे चार पायांचं जे जे काही आहे ते आपल्याला कळतं, असा त्यांचा समज झाला होता. तो कुणी काढलाही नाही.

कानमाय नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिच्यासोबत माहेरची गाय आली होती. ती गाय इथं पहिल्यांदा व्याली आणि कालवड झाली. कालवड उठून उभी राहिली, आईच्या सडाला लागायला धडपडू लागली, आणि जिभाऊंनी ती ओढून बाजूला बांधली. गायीची वार, म्हणजे वासरामागची झार, पडेपर्यंत वासराला पहिल्या दुधाचा चीक पाजायचा नाही, पाजला तर गाय वार धरून ठेवते, असं त्यांचं म्हणणं. नव्या नवरीने डोईवरचा पदर सावरत आपल्या सासूबाईंच्या कानात सांगितलं की माझ्या माहेरी वासरू आधी पाजतात, उलट ते ओढतं म्हणून वार लवकर सुटते. सासूबाईंनी ते मोठ्याने सांगितलं. त्या दिवशी अंगणात पाहुण्यांची पंगत बसलेली होती. जिभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, “माहेरथीन गाय उनी म्हनीसन अक्कल बी उनी का?” पंगत हसली. वार पडायला संध्याकाळ झाली. तोवर पहिला चीक काढून त्याचा खरवस झाला होता, गूळ-वेलची घालून, आणि पंगतीनेच तो संपवला. कालवडीला तिसऱ्या दिवशी पांढरी हगवण लागली आणि पाचव्या दिवशी ती गेली.

त्या पंगतीत कानमायचा नवराही होता. तो खाली मान घालून खरवस खात होता. त्यालाही तिने माफ केलं नाही. भला माणूस होता, पण पुढे जन्मभर बायकोच्या हातचा खरवस त्याला मिळाला नाही.

आता अडचण अशी की जिभाऊ तिचे जेठ. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने जेठापुढे पदर घ्यायचा, त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. भांडायचं असेल तरी भांडता येत नाही. दुसरी एखादी बाई गिळून बसली असती. कानमायने वाटी शोधून काढली. तिच्या गोठ्यात वासरू झालं की तासाभराच्या आत, वार लोंबत असतानाच, ती त्याला पोटभर चीक पाजायची. उरलेल्या चिकाचा खरवस करायची. आणि त्यातली एक वाटी भिंतीवरून जिभाऊंच्या घरी जायची. गूळ न घातलेली. पांढरीफटक, आळणी, रबरासारखी. एकदा मी विचारलं तेव्हा तिने मला साफ सांगितलं, “ज्या दिन तो याच आंगनमा चारचौघांना सामने सांगी, ‘कालवड मन्हामुये मरनी’, त्या दिन वाटीमा गूय पडी.” जेठाला एकेरी ती फक्त माझ्यापुढे बोलायची.

मी घरात आले तोवर या वाट्यांना कितीतरी वर्षं झाली होती. भिंतीवर वाटी आली की जिभाऊ पेपर वर उचलायचे. मी ती आत न्यायची आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवायची. टाकून द्यायला मन होत नसे, कारण खरवस हा त्यांचा जीव की प्राण. दोन घास खायचे, तोंड कसनुसं करायचे आणि पाणी प्यायचे. आमच्या गोठ्यात म्हशी असत आणि त्यांच्या पहिलटकरणीसुद्धा याच हट्टाने रेडकं गमवायच्या, पण ते वाऱ्यावर जायचं, नशिबावर जायचं, चाऱ्यावर जायचं. जिभाऊंवर कधी गेलं नाही. भिंतीपलीकडे त्याच वेळी तिच्या वासरांचे कान उभे असत. मला वाटतं जिभाऊंना ते कान दिसू नयेत म्हणूनच त्यांनी खाटेची दिशा बदलली.

तिला बोलायचं असलं की ती वासराशी बोलायची. आवाज मात्र भिंतीपलीकडे जाईल एवढा असायचा. “पी माय, पोट भरीसन पी. वारनी वाट दखशी ते मरशी.” इकडे जिभाऊ खाकरायचे. गावात एकदा जनावरांचं शिबिर झालं. सरकारी डॉक्टर चावडीसमोर उभे राहून सांगत होते की वासराला पहिल्या तासात चीक मिळाला पाहिजे, वार पडण्याची वाट बघू नका, रोगाशी लढायची ताकद त्याला त्यातूनच येते. बायकांच्या घोळक्यात मागे कानमाय पदर ओढून बसली होती. तिला अचानक खोकल्याची अशी उबळ आली की डॉक्टरांना थांबावं लागलं. मग ती माझ्यामार्फत त्यांना म्हणाली, मागे ऐकू नाही आलं, पुन्हा सांगा, मोठ्याने सांगा. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. जिभाऊ उठून घरी आले आणि मला म्हणाले, “डाक्टर नवा शे. पोऱ्या शे आजून.”

मी तिच्याकडून शिकले ते असं, तिच्या मागे मागे फिरून. गल्लीच्या टोकाला एकाचं रेडकू होतं, पोट हे एवढं गोल. जिभाऊंनी जाता जाता त्याच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाले, काय बाळसं धरलंय. ते पुढे गेल्यावर कानमायने माझा हात धरून त्या रेडकाच्या पाठीवरून फिरवला. “बायसं नही, जंत शेतस. दख, केस कसा खरबडीत शेतस.” मग तिने रेडकाच्या जबड्याखाली बोट लावून तिथली थलथलीत सूज दाखवली आणि ते माती कसं चाटत होतं तेही दाखवलं. मालकाला डॉक्टरांकडून जंताचं औषध आणायला तिनेच पिटाळलं. दुसऱ्या एका वासराचा पुढचा गुडघा सुजला होता. मालक म्हणत होता लाथ लागली. तिने गुडघ्याकडे बघितलंच नाही, सरळ पोटाखाली हात घातला. बेंबी गरम, जाड आणि वास मारणारी. नाळ ओली असताना औषध लावलं नाही, तिथून घाण आत गेली आणि सांध्यात उतरली. डॉक्टरांनी नंतर हेच सांगितलं. कुणाच्या वासराच्या नाकाला शेंबूड आणि बरगड्या भात्यासारख्या हलताना दिसल्या की ती आपल्या बोलण्यात डॉक्टरांचा फोन नंबर घुसडायची. औषधं तिने कधी स्वतःच्या मनाने दिली नाहीत. ओळखायचं मात्र तिनेच.

मग माझी लाली व्याली. लाली म्हणजे माझी गाय, म्हसावदला माझ्या माहेरच्या गायीची कालवड, मीच आणून वाढवलेली. पहिलंच वेत. घरचे आम्ही सगळे भावाच्या घरच्या लग्नाला दोन दिवस माझ्या माहेरी गेलो होतो, जिभाऊ तेवढे मागे होते, आणि तिला अजून आठवडा आहे असा माझा हिशेब होता. जाताना मी दिलवरला दहादा बजावलं. दिलवर आमचा सालदार, सालावर ठेवलेला गडी, मोलगीच्या पलीकडचा पावरा आदिवासी, मनाने सरळ. लवकर व्यालीच तर आधी चीक, आणि भिंतीवरून कानमायला हाक. मी निघाले आणि त्याच दुपारी लाली व्याली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परतले तेव्हा कालवड मान मुडपून पडलेली होती. तिच्या आईसारखीच लाल, कपाळावर पांढरा टिळा. मी आधी कान धरले. गार. शेपटीखाली पिवळसर पांढरं, पातळ, त्याला आंबूस दुर्गंधी. डोळे आत ओढलेले. मी बोट तोंडात घातलं, आतून तोंडही गार, आणि तिने बोट चोखलं नाही. मी भिंतीवरून ओरडले. कानमाय गुडघ्यांनी अधू झाली होती तरी वळसा घालून धावत आली. गल्लीतली चारदोन माणसं जमली. जिभाऊ खाटेवर होते. तिने पदर कपाळाखाली ओढला, कालवडीशेजारी बसली, आणि चीक कधी पाजला ते माझ्याकडे बघून विचारलं, “तुन्हा सासराले इचार, चीक कवय पाजा?”

जिभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, “तुन्ही काकूले सांग, व्हताच पाजा. घंटाभरमा.”

“कोनी पाजा?”

“मीच पाजा म्हना.”

“किती?”

“पोटभर.”

मी मधे उभी होते आणि एकेक वाक्य इकडून तिकडे नेत होते, जसं काही ते दोघं एकमेकांपासून कोसभर लांब होते. कानमायने कालवडीचा ओठ मुडपला, हिरड्या बघितल्या, ओठ हळूच सोडला. कोमट पाण्यात मीठ आणि साखर कालवून ती घोटघोट पाजू लागली. डॉक्टर आले, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. त्यांनीही विचारलं, चीक मिळाला होता ना, नाहीतर अवघड आहे. जिभाऊंनी त्यांनाही सांगितलं, मिळाला होता. त्या एका वाक्याचं त्यांना काय ओझं झालं असतं कुणास ठाऊक. ‘नाही मिळाला’ एवढे दोन शब्द. त्या दिवशी त्यांच्या तोंडात ते अडकले ते माझ्यासाठी कायमचे अडकले.

चौथ्या दिवशी सकाळी कालवड गेली. मी रडत रडत भांडी घासायला बसले. घरातलं सगळं पडून राहिलं होतं. ढिगाच्या तळाशी एक पातेलं निघालं, बुडाशी काहीतरी तपकिरी, चिकट, वाळलेलं. मी बोटाने खरवडलं, नाकाशी नेलं. दिलवरला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला आणि माझ्या हातातलं पातेलं बघून त्याने मान खाली घातली. “जिभाऊंनी सांगं, वार पडू दे. मी काय करू, ताई? चीक त्यांनीच काढा. त्यांनीच गॅस पेटवा.” ज्या माणसाने जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नाही, त्याने घर रिकामं बघून स्वतः गॅस पेटवला होता, गुळाचा डबा शोधला होता, वेलची कुटली होती. गल्लीच्या टोकाला त्याच दिवशी दुसरी गाय व्यालेली होती. जिभाऊंनी तेव्हाच एक हाक मारली असती तर कालवडीला तिचा चीक मिळाला असता.

मी पातेलं घेऊन तशीच कानमायकडे गेले. तिने ते नाकाशी नेलं. “गूय शे,” ती म्हणाली. “इलायची बी शे.” आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कालवडीसाठी होतं की खरवसासाठी, मला कळलं नाही.

“काकू, तवयच का बरं नही बोलनात तुम्ही? तुमले ते समजनंच व्हतं.”

“हिरड्या दखीच समजनं. पन मन्हं तोंड कसाले? तेनं तोंड पाहिजे.”

मला तेव्हा फार राग आला, दोघांचाही. पण घरी येईपर्यंत तिच्यावरचा उतरला. सासऱ्यांवरचा उतरला नाही, आणि मी तो उतरवायचा प्रयत्नही केला नाही. इतकी वर्षं मी तिच्या वैराची गंमत बघत आले होते. त्या दिवशी ते माझं झालं.

कानमायने ते पातेलं घासू दिलं नाही. ते तिने मधल्या भिंतीवर उपडं ठेवलं, जिभाऊंना खाटेवरून उठताना दिसेल अशा जागी. बाकी काही नाही. शब्द नाही, टोमणा नाही, वासराशी बोलणंही नाही. दुसऱ्या दिवशी जिभाऊंनी ते पाहिलं. मग मला म्हणाले, ते उचल. मी म्हटलं, भिंत काकूंची शे. त्या दिवसापासून ते अंगणात बसायचे बंद झाले. यात्रेची माणसं घोडी दाखवायला आली तरी आतल्या खोलीत बोलवायचे.

पुढच्या पावसाळ्यात कानमाय अंथरुणाला खिळली. मी दिवसभर तिच्याजवळ असे. शेवटच्या आठवड्यात जिभाऊ काठी टेकत आले आणि उंबऱ्यात उभे राहिले. बोलायचं होतं की नव्हतं, देव जाणे. तिने नेहमीप्रमाणे पदर कपाळावर ओढला. तेवढी ताकदही तिच्यात उरली नव्हती, मीच ओढून दिला. सगळं घर थांबून ऐकत होतं. जिभाऊंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. तेव्हा कानमाय मला म्हणाली, “तुन्हा सासराना कान धरी दख, पोरी. थंडा पडना व्हतीन.” जिभाऊ वळले आणि आल्या पावली निघून गेले. ती समाधानाने डोळे मिटून पडली. दोन दिवसांनी गेली. मी शेवटचे तिचे कान धरले होते, म्हणून मला इतरांच्या आधी कळलं.

तिच्या बाराव्यानंतर लाली दुसऱ्यांदा व्याली. मी घरातच होते. कालवडच झाली. वार लोंबत होती, तशीच मी तिला सडाला लावली आणि ती चुटुचुटु पिऊ लागली. मी भिंतीकडे तोंड करून, कुणी नव्हतं तरी, मोठ्याने म्हटलं, “पी माय, पोट भरीसन पी.” उरलेल्या चिकाचा खरवस लावला. वाटी जिभाऊंच्या ताटाशेजारी ठेवली.

त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, “आते ते गूय टाक. ती बी गयी.”

मी म्हटलं, “आंगनमा जाईसन सांगा.”

“आते कोनले सांगू?”

“मी शे ना. दिलवर शे. गल्ली शे.”

त्यांनी वाटी पुरी केली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. उठून आतल्या खोलीत गेले. अंगणाकडे गेले नाहीत.

त्याला आता तीन वेतं झाली. जिभाऊंचं वय झालंय, पण खरवसाची वाट अजून बघतात. गावातल्या बायका मला म्हणतात, म्हातारा माणूस आहे, किती दिवसांचा, घाल की चिमूटभर. भिंतीवर पातेलं तसंच उपडं आहे, त्याच्या बुडावर चिमण्या बसतात. पुढच्या महिन्यात लाली परत व्यायची आहे. गुळाचा डबा मी वरच्या फळीवर ठेवलाय, त्यांचा हात पोचत नाही तिथे.